प्लॅस्टिकच्या भिंगाची शिस्त

होल्गा कॅमेरा पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तो रिकामा डबा वाटतो. अंग प्लॅस्टिकचं, भिंग प्लॅस्टिकचं, मागचं झाकण धरून ठेवायला दोन बाजूंना पत्र्याच्या दोन क्लिपा, आणि कळ दाबली की जत्रेतल्या खेळण्यासारखा ‘टिक्’ असा आवाज. उजेड मोजायची सोय नाही आणि आपण काय टिपलं ते लगेच दाखवणारा पडदाही नाही. अशा कॅमेऱ्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. काहींच्या मते हा निव्वळ कचरा आहे. काहींना त्यात जादू दिसते: फार विचार न करता कळ दाबत जावं, नशिबानं उमटेल ती कला. या लेखाचं म्हणणं दोघांनाही मान्य होणार नाही. हा कॅमेरा लहरी नाही, हट्टी आहे. त्याचे बहुतेक दोष दर वेळी त्याच जागी आणि जवळपास त्याच प्रमाणात उमटतात. जे दर वेळी घडतं ते शिकता येतं, आणि जे शिकता येतं त्याच्याकडून काम करून घेता येतं. प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यानं कलात्मक छायाचित्रण करायचं असेल, तर सुरुवात या समजुतीपासून करावी.

या कॅमेऱ्यांचा जन्म कलेसाठी झाला नव्हता. १९६० च्या दशकात हाँगकाँगमधल्या काउलून भागात ग्रेट वॉल प्लॅस्टिक फॅक्टरी ‘डायना’ नावाचा कॅमेरा बनवू लागली. तो इतका स्वस्त होता की अमेरिकेत बक्षीस किंवा भेटवस्तू म्हणूनही वाटला जाई. १९८२ मध्ये हाँगकाँगमध्येच टी. एम. ली यांचा होल्गा आला. त्या वेळी चीनमध्ये १२० चा रुंद रोल सहज मिळत असे, म्हणून सामान्य चिनी कुटुंबाला परवडेल असा १२० चा कॅमेरा करावा हा त्यामागचा हेतू. कँटनीज भाषेतल्या ‘हो ग्वाँग’, म्हणजे ‘खूप लख्ख’, या शब्दांवरून त्याचं नाव पडलं. थोड्याच काळात चीनमध्ये ३५ मिलिमीटरचे रोल आणि कॅमेरे पसरले आणि होल्गाचं मूळ गिऱ्हाईक आटलं. त्याला सांभाळलं ते परदेशातल्या छायाचित्रकारांनी आणि कलाशाळांनी. एका भिंगाच्या साध्या कॅमेऱ्याचं कूळ मात्र याहून जुनं आहे. एका बाजूनं फुगीर आणि दुसऱ्या बाजूनं खोलगट असं एकच भिंग चित्र पाडायला वापरण्याची कल्पना वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८१२ मध्ये मांडली होती, आणि १९०० साली एका डॉलरला निघालेला कोडॅकचा ‘ब्राउनी’ अशाच भिंगावर चालत असे. आपल्याकडे बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ हा त्याच वळणाचा: १२० चा रोल, साधं भिंग, मोजकेच पर्याय. जुन्या मराठी घरांतल्या अल्बममधले कितीतरी चौकोनी फोटो अशाच कॅमेऱ्यांतून आलेले आहेत. तेव्हा साधा कॅमेरा ही आपल्याला नवलाई नाही. त्याच्या उणिवा लपवण्याऐवजी त्यांच्यावर चित्र उभं करायचं, एवढीच गोष्ट नवी.

ते करता येतं याचा पुरावा नॅन्सी रेक्सरॉथ या अमेरिकन छायाचित्रकर्तीच्या कामात मिळतो. १९७० च्या दशकात तिनं वर्षानुवर्षं डायना हाती धरला आणि १९७७ मध्ये ‘आयोवा’ हे पुस्तक काढलं. नाव आयोवाचं असलं, तरी त्यातले बहुतेक फोटो ओहायो राज्यातले आहेत. लहानपणी ती नातेवाइकांकडे आयोवाला जात असे, आणि त्या आठवणीतल्या आयोवासारखं दिसणारं जे जे सापडलं ते तिनं टिपलं. आठवण कधीच कडांपर्यंत स्वच्छ नसते. मधलं काही ठळक राहतं आणि भोवतालचं विरघळतं. डायनाचं भिंग नेमकं हेच करतं. विषय आणि भिंगाचा दोष एकमेकांना असे भेटले, म्हणून ते पुस्तक टिकलं आणि ४० वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याची नवी आवृत्ती निघाली. दुसरा दाखला डेव्हिड बर्नेट यांचा. हे मुरलेले वृत्तछायाचित्रकार. २००० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत अल गोर यांच्या प्रचारसभेत त्यांनी होल्गानं काढलेल्या फोटोला व्हाइट हाऊसच्या वृत्तछायाचित्रकार संघटनेच्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला. सभेतल्या गर्दीत नजर कुठे ठेवायची हे इथे काळवंडलेल्या कडाच सांगतात. दोघांचे विषय आणि स्वभाव वेगळे, पण दोघांनाही आपला कॅमेरा कुठे काय करणार हे कळ दाबण्याआधी ठाऊक होतं. नशिबावर हवाला ठेवून एखादा फोटो चांगला निघेल. वर्षानुवर्षांचं काम त्यावर उभं राहत नाही.

तेव्हा पहिलं काम दोषांची वर्गवारी करण्याचं. एका गटात कायमचे दोष येतात. एकाच भिंगातून येणारं चित्र सपाट पडत नाही, वाटीसारखं वक्र पडतं, आणि फिल्म मात्र जवळजवळ सपाट असते. म्हणून मध्यभाग बऱ्यापैकी स्वच्छ येतो आणि कडेकडे जाताना चित्र मऊ होत जातं. भिंगातून आत पडणारा उजेडाचा गोल जेमतेम चौकटीएवढा असल्यानं कोपरे काळे पडतात; आतली प्लॅस्टिकची चौकट, म्हणजे मास्क, काढली तर आणखी काळे. रंगीत रोलवर कडेच्या रेघांना रंगाची किनार दिसते. बघायच्या खिडकीत जेवढं दिसतं त्याहून फोटोत जास्त येतं, आणि खिडकी भिंगाच्या जागी नसून वर असल्यानं जवळचा विषय फोटोत सरकलेला दिसतो. या सगळ्यावर भरवसा ठेवता येतो. दुसऱ्या गटातले दोष बिनभरवशाचे: झाकणाच्या फटीतून आत शिरणारा उजेड, सैल गुंडाळलेला रोल, फोटो काढल्यावर रोल पुढे न्यायचा विसर, भिंगावर राहिलेलं झाकण. होल्गाच्या खिडकीतून पाहताना भिंगावर झाकण आहे हे कळतच नाही, त्यामुळे अख्खा रोल कोरा निघू शकतो. माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर असा: बिनभरवशाचे दोष आधी बंद करा, कायमचे दोष वापरायला शिका.

बंद करण्याचं काम दहा मिनिटांचं आहे. हार्डवेअरच्या दुकानात वायरिंगची काळी टेप मिळते, तेवढी पुरे. रोल भरल्यावर झाकणाची चारही बाजूंची फट आणि दोन्ही क्लिपा टेपनं घट्ट करा, म्हणजे चालता चालता झाकण निसटून पडणार नाही. मागच्या तांबड्या खिडकीवर टेपची एक झडप ठेवा; आकडा बघण्यापुरती ती सावलीत उचलायची आणि लगेच लावायची. त्याच खिडकीजवळचा बाण १२ वर आहे की १६ वर, हे रोल भरतानाच तपासा. पूर्ण चौरस चौकट असेल तर १२, लहान आयताची असेल तर १६. बाण चुकला तर फोटो एकमेकांवर चढतात किंवा फिल्म वाया जाते. रिकाम्या रिळाखाली पुठ्ठ्याचा घडी घातलेला तुकडा दाबून बसवला की रोल सैल गुंडाळला जात नाही आणि त्याच्या कडांना लाइट लागत नाही. नव्या प्रकारच्या होल्गात शटर उघडं ठेवण्यासाठी ‘बी’ अशी खूण असते. धक्क्यानं बटण तिकडे सरकतं आणि फोटो हलतो, म्हणून ते ‘एन’ वर टेपनं पक्कं करून टाका. भिंगाचं झाकण घरीच ठेवा. आणि एक नियम अंगी बाणवा: फोटो काढला की लगेच रोल पुढे न्यायचा. काही जण नेमकं उलट करतात, फोटो काढण्याआधी रोल फिरवतात. दोन्ही चालतं, आज एक आणि उद्या दुसरं हे चालत नाही.

इथे कुणी म्हणेल, की आगंतुक उजेडाचा तांबूस पट्टा किंवा चुकून एकावर एक पडलेली दोन चित्रं यांतच तर या कॅमेऱ्याची मजा आहे; ती टेपनं बुजवायची कशाला? आक्षेपात तथ्य आहे. अपघातानं सुंदर चित्रं निघाली आहेत आणि यापुढेही निघतील. पण तो पट्टा माणसाच्या चेहऱ्यावरून जाणार की आभाळातून, हे तुमच्या हातात नसतं, आणि दहापैकी नऊ वेळा तो नको तिथे जातो. शिवाय अपघात बंद करणं म्हणजे तो कायमचा गमावणं नव्हे. टेप लावलेल्या कॅमेऱ्याची एक बाजू हवी तेव्हा उघडता येते, पण फटी असलेल्या कॅमेऱ्यातून स्वच्छ फोटो हवा तेव्हा मिळत नाही. बंदिश नीट बसलेल्या गायकानं तिच्या चौकटीबाहेर पाऊल टाकलं तर त्याला अर्थ असतो. चौकटच ठाऊक नसेल, तर त्याला आपण चुकणं म्हणतो.

आता उजेडाचा हिशेब. होल्गाच्या भिंगावर एफ ८ असं लिहिलेलं असलं, तरी प्रत्यक्षात त्याचं छिद्र एफ १३ च्या आसपास असतं, आणि शटर सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागाचं. ऊन आणि ढग अशा दोन खुणांचं बटणही त्यावर आहे, पण जुन्या होल्गांत ते फिरवून काहीच फरक पडत नाही, कारण पुढे येणारं छिद्र मागच्या पक्क्या छिद्रापेक्षा मोठं असतं. तुमच्याकडचा कॅमेरा कसा आहे हे रोल भरण्याआधी बघा: मागचं झाकण काढा, शटर ‘बी’ वर उघडं धरा, आकाशाकडे रोखून मागून पाहत बटण फिरवा. छिद्र लहानमोठं झालं नाही, तर ते बटण विसरून जा. म्हणजे बहुतेक वेळा उजेड ठरवण्याचं एकच साधन उरतं, रोलचा वेग. छायाचित्रकारांच्या जुन्या ठोकताळ्यानुसार भर उन्हात ४०० च्या रोलला एफ १६ आणि सेकंदाचा चारशेवा भाग पुरतो. होल्गा त्याला जवळपास सहापट उजेड देणार. मोकळ्या सावलीत किंवा दाट ढगांखाली उजेड उन्हाच्या सुमारे एक अष्टमांश होतो, आणि तिथे हाच कॅमेरा जवळपास नेमका बसतो. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड बराच पचवते, कमी उजेड मात्र फारसा सोसत नाही. म्हणून ४०० चा निगेटिव्ह रोल, कृष्णधवल असो वा रंगीत, उन्हातही निभावतो आणि पावसाळी मळभातही. १०० चा रोल फक्त लख्ख उन्हासाठी ठेवावा. स्लाइड फिल्म इथे टाळावी, कारण तिला उजेडातली एवढी चूक सोसत नाही. घरात खिडकीपासून दूर किंवा संध्याकाळी दिवेलागणीनंतर हातात धरून फोटो काढू नका. ‘बी’ वर ठेवून कॅमेरा स्टँडवर किंवा कठड्यावर टेकवा.

पहिला रोल फोटोंसाठी नव्हे, ओळखीसाठी खर्च करा. बारा फोटो मिळतात, तेवढे पुरतात. अंतराच्या चार खुणा असतात, त्यांचे अर्थ साधारण असे: एक माणूस म्हणजे एक मीटर, कुटुंब म्हणजे दोन मीटर, घोळका म्हणजे सहा मीटर, डोंगर म्हणजे दहा मीटर आणि त्यापलीकडे. चारही अंतरं मोजपट्टीनं मोजून एकेक फोटो काढा. पाचव्या आणि सहाव्या फोटोत तोच माणूस आधी मधोमध आणि मग कडेला उभा करा. सातव्यासाठी विटांच्या भिंतीसमोर उभे राहा, खिडकीत दिसणाऱ्या चौकटीचे कोपरे कुणाला तरी भिंतीवर खडूनं आखायला सांगा आणि फोटो काढा. खिडकी किती कमी दाखवते आणि किती सरकवते ते त्यातून कळेल. आठवा भर उन्हात, नववा सावलीत, दहावा सूर्याकडे तोंड करून, अकरावा घरात खिडकीलगत, आणि बारावा मुद्दाम दोनदा उजेड देऊन. प्रत्येक फोटोची नोंद वहीत ठेवा. रोल धुऊन आला की वही शेजारी ठेवून निगेटिव्ह पाहा. कारखान्यातून निघालेले दोन होल्गा अगदी सारखे नसतात. कुणाची डावी कड जास्त मऊ असते, कुणाची डोंगराची खूण प्रत्यक्षात जवळ फोकस करते. दुसऱ्यांनी सांगितलेले गुणदोष तुमच्या कॅमेऱ्याला लागू पडतीलच असं नाही, म्हणून ही एक डझन चित्रं कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवतात.

ही ओळख झाली की विषय निवडण्याची रीतच बदलते. मध्यभागी धार आणि भोवती मऊपणा, म्हणजे चौकटीत एकच मुख्य गोष्ट हवी आणि ती मध्याच्या आसपास हवी. ‘विषय मधोमध ठेवू नका’ हा छायाचित्रणाच्या वर्गात शिकवला जाणारा नियम इथे बाजूला ठेवायला हरकत नाही. बारीक तपशिलावर उभे असलेले विषय, जसं मंदिरावरचं कोरीवकाम, पैठणीचा पदर, दुकानांच्या पाट्यांनी भरलेला रस्ता, या भिंगाला पेलत नाहीत. मोठे आकार आणि स्पष्ट उजेड-अंधार त्याला मानवतात: माळावरचं एकटं झाड, रिकाम्या फलाटावरचा बाक, ओहोटीच्या पुळणीवर कलंडलेली होडी, दारात पाठमोरं उभं असलेलं माणूस. कोपरे काळवंडणार हे ठाऊक असल्यानं आकाश किंवा पांढरी भिंत कोपऱ्यात येऊ द्या. तिथला काळोख स्पष्ट दिसतो आणि नजर आत ढकलतो. आधीच गर्द असलेल्या झाडीत तोच काळोख हरवून जातो. रस्त्यावर फिरताना खूण सहा मीटरवर ठेवली, तर साधारण तीन मीटरपासून पुढचं सगळं चौकटीच्या मध्यभागी पुरेसं स्वच्छ येतं. दर वेळी अंतर बदलत बसावं लागत नाही. जवळचा चेहरा टिपायचा तर कॅमेरा मोजलेल्या अंतरावर धरून किंचित वर उचला, म्हणजे खिडकी आणि भिंग यांच्यातला फरक भरून निघतो. मायकेल केना हे निसर्गदृश्यांचे नामवंत छायाचित्रकार एरवी दर्जेदार कॅमेऱ्यांनी अतिशय नेटकं काम करतात, पण २०१८ मध्ये त्यांनी निव्वळ होल्गानं काढलेल्या चित्रांचं पुस्तक काढलं. मोकळा अवकाश आणि मोजके आकार ही त्यांची जुनी शैलीच या भिंगाला जुळणारी आहे.

शटर आणि रोल यांचा एकमेकांशी संबंध नसल्यामुळे या कॅमेऱ्यात दोन गोष्टी सहज करता येतात. एकाच चौकटीवर दोनदा उजेड देता येतो, आणि रोल अर्धाच पुढे नेऊन शेजारची दोन चित्रं एकमेकांत मिसळता येतात. पहिल्या प्रकारात एक गोष्ट ध्यानात ठेवा: निगेटिव्हवर दुसरं चित्र उमटतं ते पहिल्यातल्या काळ्या भागात. म्हणून आधी काळ्या पार्श्वभूमीवरची आकृती घ्या आणि मग त्या काळ्या जागेत बसेल असा पोत, पानं, पाणी, सुरकुतलेलं कापड. दोन्ही वेळा पांढरं आकाश आलं तर दोन्ही चित्रं धुऊन जातात. हे सावलीत करा, कारण उन्हात एकदाच इतका उजेड पडलेला असतो की दुसऱ्याला जागा उरत नाही.

सर्वांत तगडा आक्षेप मोबाइलचा आहे. काळे कोपरे, मऊ कडा, तांबूस पट्टा, हे सगळं फोनमधलं एखादं ॲप एका टिचकीत देतं. मग रोल, टेप आणि वही यांचा उपद्व्याप कशाला? हे मान्यच करायला हवं, की छापलेल्या एका चित्रावरून ते होल्गाचं की ॲपचं हे पुष्कळांना सांगता येणार नाही. पण ॲपचा परिणाम फोटो काढून झाल्यावर चढतो. डोळ्यांसमोर स्वच्छ चित्र असताना काढणारा त्या स्वच्छ चित्राचाच विचार करतो आणि मऊपणा नंतर मीठ भुरभुरावं तसा टाकतो. न आवडल्यास काढूनही टाकता येतो, त्यामुळे त्याच्यासाठी विषय बदलावा लागत नाही. प्लॅस्टिकचं भिंग ही सवलत देत नाही. कडा मऊ होणारच असल्यामुळे तुम्ही कडेला काय ठेवायचं याचा विचार आधी करता, आणि बाराच चौकटी असल्यामुळे कुठली गोष्ट टिपायची नाही याचाही. फरक दिसण्यातला कमी आणि ठरवण्यातला जास्त आहे. दिसण्यापुरता परिणाम हवा असेल, तर ॲप पुरेसं आहे आणि स्वस्तही. ठरवण्याची सवय हवी असेल, तर ती ॲपमधून मिळणार नाही.

खर्चाचा मुद्दाही खरा आहे. रोल महाग झाले आहेत आणि १२० चा रोल धुणारे स्टुडिओ थोडे उरले आहेत. त्यावर उपाय म्हणजे कमी फोटो काढणं, आणि या कॅमेऱ्याला ते शोभतंच. कृष्णधवल रोल घरी धुणं अवघड नाही. त्यासाठी डार्करूम लागत नाही. रोल टाकीत भरायला काळी चेंजिंग बॅग, प्रकाश न शिरणारी टाकी, थर्मामीटर आणि तीन रसायनं एवढं पुरतं. आपल्याकडे खरी अडचण उष्णतेची. रसायनांच्या वेळा बहुधा २० अंश सेल्सिअससाठी दिलेल्या असतात, आणि विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात नळाचं पाणीच तीसच्या पुढे जातं. बर्फाचं पाणी घातलेल्या परातीत बाटल्या अर्धा तास ठेवून तापमान खाली आणा, किंवा २४ अंशांवर धुऊन कंपनीच्या तक्त्याप्रमाणे वेळ कमी करा. रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल, तर तास-दोन तास आधी बाहेर काढा आणि तोवर पाकीट फोडू नका. विशेषतः पावसाळ्यात थंड फिल्मवर बाष्प धरतं. बाहेर धुवायला दिला, तर स्कॅन करणाऱ्याला आधीच सांगा की कोपरे उजळू नका आणि चौकट कापू नका. चांगल्या हेतूनं केलेली ही दुरुस्ती या कॅमेऱ्याचं निम्मं काम पुसून टाकते.

शेवटी एक विनंती. हा कॅमेरा घेतलात, तर त्याला एक वर्ष द्या. एकच कॅमेरा, एकाच प्रकारचा रोल, महिन्याला एक. पहिला रोल परीक्षेचा धरला, तर उरलेल्या अकरा रोलांच्या १३२ चौकटी होतात. वर्षअखेर त्यांचे छोटे प्रिंट जमिनीवर मांडा आणि त्यातले दहा निवडा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न ठेवा: हेच चित्र चांगल्या भिंगानं काढलं असतं तर ते अधिक चांगलं झालं असतं का? उत्तर ‘हो’ आलं, की तो प्रिंट बाजूला ठेवा. उत्तर ‘नाही’ आलेले जे उरतील, चार असोत की दोन, तेवढंच तुमचं या कॅमेऱ्यातलं काम. पुढच्या वर्षाचा पहिला रोल त्यांच्याकडे पाहून भरा.